तालुक्याच्या गावात दिवाळी पहाट करायचीय? मग आधी साऊंडवाल्याला भेटा

पहिल्या वर्षी आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगावात दिवाळी पहाट केली तेव्हा स्टेजमागचा फ्लेक्स वीस फुटी होता आणि गाणाऱ्या ताईंचा आवाज चौथ्या रांगेच्या पुढं जात नव्हता. बाहेरून ऑर्केस्ट्रा आणलेला, निम्मं बजेट त्यातच गेलं, उरलेलं फ्लेक्स, हार, शाली आणि पाहुण्यांच्या नाष्ट्यात. सहाचा कार्यक्रम, पाहुणे आले सव्वासातला, भाषणं झाली पावणेआठपर्यंत, तोवर बायका उठून घरी गेलेल्या कारण घरी पाहुणे, फराळ, ओवाळणी सगळं वाट बघत होतं. भैरवीला मोजून बावीस माणसं होती, त्यातले सात आम्ही आयोजक.

त्यानंतर दरवर्षी चुका करत करत शिकलो. आता बाहेरचा एकही कलाकार नसतो आणि तरी सतरंजी पुरत नाही. बरेच जण विचारतात कसं करता, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. तुमचं गाव वेगळं असेल, पण पंचवीस-तीस हजार वस्तीच्या कुठल्याही गावात हे जमायला हरकत नाही.

दिवस कुठला धरायचा

हे दोन महिने आधी ठरवा. नरक चतुर्दशीला घरोघर अभ्यंगस्नान, उटणं, पोरांची फटाक्यांची घाई, माणूस सहाला घराबाहेर पडत नाही, पडला तरी देवळात जाऊन परत. शहरातलं गणित वेगळं, डोंबिवलीत फडके रोडवर त्या सकाळी पोरापोरींचा पूर लोटतो, पण ते नटून भेटायला येतात, दोन तास बसून गाणं ऐकायला नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी अडकलेले. आमचा अनुभव असा की पाडवा बरा. पुण्या-मुंबईची मंडळी आलेली असतात, जावई दिवाळसणाला आलेले असतात आणि त्यांना घेऊन जायला गावात दुसरं काही नसतं!

दुसरी गोष्ट तुमच्या गावाच्या शेतीवर आहे. आमच्याकडं द्राक्ष. ऑक्टोबर छाटणी झाली की दिवाळीच्या सुमारास बागा नेमक्या नाजूक अवस्थेत, रात्री दव पडलं की डाऊनी रोगाच्या भीतीनं बागायतदार पहाटेच फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत. म्हणजे आमचा अर्धा पुरुष प्रेक्षक पाऊस नि दव ठरवतात. एका वर्षी आदल्या दिवशी पाऊस पडला तर समोर नव्वद टक्के बायका आणि म्हातारी माणसं. कार्यक्रम झकास झाला तो भाग वेगळा. तुमच्याकडं ऊसतोड असेल, भाताची कापणी असेल, ते बघून ठरवा.

जागा त्याच वेळेला जाऊन बघा

संध्याकाळी सातला जागा बघून पसंत करू नका. पहाटे साडेपाचला जाऊन उभं राहा. झाडाखाली बगळ्यांची वसाहत असेल तर ते तेव्हाच कळतं, आणि साडेसहाला ते उडाले की पहिल्या तीन रांगांचं काय होतं तेही कळतं. (आमच्या एका काकांचा नवा झब्बा त्यात गेला.) घंटागाडी कुठून जाते, एसटी स्टँडचा भोंगा येतो का, शेजारी कुणाची पिठाची गिरणी आहे का, सगळं त्याच वेळी दिसतं.

सूर्य त्या दिवसांत आमच्याकडं साडेसहाच्या आसपास उगवतो. कलाकारांचं तोंड पूर्वेला केलं की पावणेसातपासून ऊन थेट डोळ्यात, गाणारा डोळे मिटून गातो ते भक्तीनं नव्हे. स्टेजची पाठ पूर्वेला करून बघा, मग उन्हाची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यावर. म्हणून आम्ही स्टेज उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून लावतो, ऊन आडवं येतं आणि कुणालाच त्रास नाही.

देवळाचा सभामंडप दिसायला सुंदर पण दगडी आणि बंदिस्त असेल तर आवाज घुमतो, तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. मंडप तीन बाजूंनी उघडा असेल तर उत्तम. जुन्या वाड्याचा चौक, शाळेचं पटांगण चालतं. मंगल कार्यालय नको, पत्रा असतो आणि लोकांना वाटतं जेवण आहे.

परवानगीत एक मेख आहे

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे, त्यात रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त १५, बारापर्यंत सूट देतं, पण ती रात्रीची सूट आहे, पहाटेची नाही. म्हणजे “पहाटे पाच वाजता” असं पत्रिकेवर छापून माईक लावला तर तुम्ही स्वतःच पुरावा छापलात. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंतचा भाग सरकारनं शांतता क्षेत्र जाहीर केलाय का, तेही बघा.

आम्ही यावर तोडगा काढला तो आता कार्यक्रमातला लोकांचा सगळ्यात आवडता भाग झालाय. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा चालूच असतो, ती भजनी मंडळी तशीही चारला उठलेली असतात. त्यांना साडेपाचला आमच्याकडं यायला सांगितलं. अंधारात पणत्या, एक पखवाज, वीणा, दहा-बारा टाळ, माईक नाही, विजेचा दिवा नाही. सहा वाजता माईक चालू. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सहाला साऊंडवाल्यानं मिक्सरवरचा आवाजाचा फेडर वर करायला हात घातला आणि लोकांतूनच कुणीतरी म्हणालं, “थांब की रं जरा.” तो अभंग संपेपर्यंत थांबलो.

बाकी कागद: पोलीस स्टेशनला ध्वनिक्षेपकाचा अर्ज, जागा नगरपालिकेची असेल तर तिकडं अर्ज आणि भाडं, देवस्थानची असेल तर विश्वस्तांचं पत्र. तीन आठवडे आधी द्या आणि पोच घेतलेली प्रत त्या दिवशी खिशात ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर व्यासपीठावर पुढारी नको, हे सांगायला त्या वर्षी फार सोपं जातं. वर्गणी काढणार असाल आणि संस्था नोंदलेली नसेल तर धर्मादाय कार्यालयाकडून गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात तशी तात्पुरती परवानगी घ्या.

आणि गाण्यांच्या हक्काचं. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये अशी सवलत आहे की हौशी मंडळानं पैसे न घेता बोलावलेल्या प्रेक्षकांपुढं केलेला प्रयोग उल्लंघन धरत नाहीत. तिकीट लावलं, व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आणला की ती ढाल जाते, मग गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं लायसन्स काढा. तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, पण त्यांना लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग यूट्यूबला टाकणं हा वेगळाच विषय, तिथं ही सवलत धरून बसू नका. आम्ही टाकतच नाही.

कलाकार गावातच असतात, वही काढा

“आमच्याकडं कोण गाणारं नाही” असं म्हणणाऱ्यानं आठवडाभर हिंडून बघावं. मी एक दोनशे पानी वही केली आणि सुरुवात क्लासपासून केली. गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षा देणारी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत, प्रारंभिक ते विशारद, आणि मंडळाचं कार्यालय आमच्या शेजारच्या मिरजेतच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राची तयारी चालू असल्यानं त्यांचे राग नेमके त्या वेळी हातात असतात, फक्त बाईंना किंवा सरांना आधी भेटा, परस्पर पोरांना विचारलंत तर क्लास रुसतो. मग भजनी मंडळं, चर्चमधला ऑर्गन वाजवणारा, बँडमधला क्लॅरिनेटवाला (लग्नसराई सुरू व्हायची असते, मोकळा असतो), दर्ग्यावर कव्वाली म्हणणारे, शाळेतले संगीत शिक्षक, बँकेतून रिटायर झालेले आणि आता बासरी शिकलेले. या शेवटच्या गटापासून थोडं जपून. त्यांना एकच गाणं द्या.

आम्ही या बाबतीत नशीबवान, मिरज तासाभरावर. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ तिथंच राहिले, १९३७ साली गेले आणि तिथल्या मिरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर, दरवर्षी त्यांच्या नावानं गाणं होतं. आणि तंतुवाद्यांची ती गल्ली. पहिल्या वर्षी भाड्यानं तंबोरा हवा म्हणून गेलो तर कारागिरानं भोपळ्यावर टिचकी मारून आवाज ऐकवला आणि विचारलं, “पट्टी कुठली? बाईंची का बुवांची?” मला उत्तर येत नव्हतं, हार्मोनियमवाल्याला फोन लावला. घोडीवर तारेखाली जवारीचा, म्हणजे सूर झंकारावा म्हणून लावतात तो, दोरा सरकवत कारागीर म्हणाला आधी पट्टी विचारून या, मग तंबोरा. तिथून पुढचा सगळा धडा सुरू झाला.

तर वहीत नावापुढं पट्टी, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर बसतो, ते लिहा. पुरुष साधारण काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास, बायका काळी चार, काळी पाच, पोरं कुठंही. हार्मोनियमला काय, सरकून दुसरी पट्टी धरली की झालं, पण तबला तसा सरकत नाही. उंच सुराला तोंड लहान असलेला तबला लागतो, काळी एकचा तबला ओढून काळी चारला न्यायला गेलात तर चामड्याची पुडी फाटेल. म्हणून पत्रिका करताना गाणी पट्टीनुसार एकत्र बांधा. आधी बुवांची दोन-तीन, मग बायकांची सलग, मग परत. दर गाण्याला पट्टी बदलली की दरवेळी चार मिनिटं हातोडी, दहा गाण्यांत चाळीस मिनिटं लोकांनी ठोकाठोक ऐकायची का! आम्ही दोन सुरांचे दोन तबले लावूनच ठेवतो.

क्रम: सहाला उजाडायच्या आतबाहेर ललत किंवा भटियार, एखाद्या क्लासच्या मुलीकडून पंधरा मिनिटं, त्याच्यावर नाही. मग अहिर भैरव किंवा भैरव, मग अभंग, एक-दोन नाट्यपदं. नाट्यपद आमच्याकडं ठेवावंच लागतं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक सांगलीत केलं आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन बरेचदा दिवाळीच्या आगेमागेच येतो. मग भावगीतं, गवळण, शेवटी भैरवी. दोन तास पुरे. आठला सुट्टी.

मानधन सगळ्यांना, थोडं का होईना, पाकिटात आणि पाकीट खाली उतरल्या उतरल्या हातात. पखवाजवाल्यालाही. “आपलंच माणूस आहे” म्हणून ज्याला दिलं नाही तो पुढच्या वर्षी येतो पण उशिरा येतो.

साऊंड, इथं कंजूषी नको

माझं ठाम मत, दहा रुपयांतले चार साऊंडवर घाला. फ्लेक्सवर शून्य घातलं तरी चालेल.

गावातला साऊंडवाला चांगला माणूस असतो पण त्याचा कान डीजे आणि वरातीवर तयार झालेला, त्याला वाटतं छातीत धडधडलं म्हणजे आवाज आला. त्याला पंधरा दिवस आधी चहाला बोलवा आणि तीन गोष्टी सांगा. एक, बेसचे मोठे डबे आणायचेच नाहीत. दोन, एको बंद, अगदी बंद, गाणाऱ्यानं मागितला तर किंचित. तीन, मोठे दोन स्पीकर ठणाणा लावण्यापेक्षा लहान चार, स्टँडवर माणसाच्या डोक्याच्या वर, दोन पुढं आणि दोन मध्यावर थोड्या कमी आवाजात. म्हणजे शेवटच्या रांगेलाही ऐकू येतं आणि पहिल्या रांगेतल्या आज्जीचे कान फुटत नाहीत.

माईक: गायकाला एक, एसएम ५८ किंवा त्याच जातीचा चांगला. तबल्याला एक, डग्ग्याला एक. हार्मोनियमला एक, जिथून आवाज बाहेर पडतो तिथं, भात्याच्या अगदी तोंडाशी ठेवलात तर फसफस येते. टाळाला माईक नको, तो गायकाच्या माईकमधूनच भरपूर येतो. तंबोऱ्याला एक, इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाईलमधलं अॅप असेल तर फोन फ्लाइट मोडला टाका, आमच्याकडं भैरवच्या आलापात “आपके खाते में” अशी बाई बोलून गेलीय. आणि गायकाकडं तोंड केलेला एक मॉनिटर स्पीकर लागतोच लागतो, तो नसला की गाणारा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडतो, आणि लोक म्हणतात बेसूर झाला.

साऊंड चेक आदल्या संध्याकाळी, कलाकारांना बसवून. सकाळी वेळ मिळत नाही. चेक झाल्यावर मिक्सरच्या बटणांचा फोटो काढून ठेवा, रात्री कुणीतरी पोरगं “जरा गाणी लावूया” म्हणून हलवतंच.

आता दव. हे कुठं लिहिलेलं सापडत नाही. उघड्यावर मांडलेलं सगळं पहाटे चारला ओलं झालेलं असतं. माईकच्या जाळीवर, वायरींच्या जोडावर, मिक्सरवर पाणी. म्हणून मिक्सरवर प्लास्टिक, जोड जमिनीवर नाही तर विटेवर, आणि एक्स्टेंशन बोर्ड कधीही गवतावर नको, ओल्या गवतात पोरं अनवाणी फिरत असतात. तबल्याची तर गंमतच, ओल्या हवेत चामडं सैल पडतं, सूर उतरतो, मग ऊन आलं की तोच तबला चढायला लागतो. आमचे तबलजी दादा घरून निघताना तबला गोधडीत गुंडाळून आणतात, अक्षरशः तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन रिक्षात. स्टेजवर गाणं सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी बाहेर काढतात, त्याआधी कुणी हात लावलेला चालत नाही. आणि ऊन स्टेजवर यायच्या आत वरती एक साधी चादर बांधा, ती आम्ही तिसऱ्या वर्षी बांधली.

लाईट जाणार हे धरून चाला. महावितरणच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा, जनरेटर बोलवा पण किमान शंभर फूट लांब आणि भिंतीच्या आड. परवडत नसेल तर मिक्सर आणि दोन स्पीकरपुरता इन्व्हर्टर.

लोकांना बोलवायचं कसं

व्हॉट्सअॅपवर टाका पण त्याच्यावर विसंबू नका, दिवाळीत शुभेच्छांच्या गठ्ठ्यात ते पोस्टर गाडलं जातं. आमच्याकडं सगळ्यात चालली ती गोष्ट म्हणजे खडूनं लिहिलेले फळे, दूध डेअरीपाशी, रेशन दुकानापाशी आणि देवळाच्या दारात. आणि कलाकारांचीच माणसं: अकरा वर्षांची मुलगी गाणार म्हटलं की तिचे आई-बाप, आत्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा, शेजारचं घर, झाली पंधरा माणसं. पंचवीस स्थानिक कलाकार म्हणजे पटांगण भरलंच, हा हिशोब बाहेरच्या ऑर्केस्ट्रात नसतो.

पैशासाठी एका मोठ्या देणगीदाराच्या मागं लागू नका, तो मग मुलाचा वाढदिवस स्टेजवर मागतो. बेदाण्याची पेढी, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, सराफ, असे वीस जण छोट्या रकमेनं धरा आणि सगळ्यांची नावं एका फळ्यावर सारख्या अक्षरात. निवेदक मधे एकदाच वाचेल. सत्कार भैरवीच्या आधी नाही, मधे तर अजिबात नाही, संपल्यावर पाच मिनिटं, शाल नको, नारळ पुरे. यावरून आमच्यावर एक गट अजून नाराज आहे, असू दे.

त्या सकाळी

साडेतीनला दोघं जागेवर, कचरा बघायला आणि कुत्री हाकलायला. चारला साऊंडवाला, त्याला फोन करून उठवायची जबाबदारी एका माणसावर, नाव लिहून. सव्वाचारला सतरंज्या, त्याआधी अंथरल्या तर ओल्या. मागच्या बाजूला चाळीसेक खुर्च्या, गुडघेवाल्यांसाठी, आणि त्या मागंच ठेवा, पुढं ठेवल्या की सतरंजीवरच्यांना काही दिसत नाही. चपलांसाठी पोती कापून अंथरलीत तर परत जाताना गोंधळ कमी. पणत्या पावणेपाचला, वाऱ्याची दिशा बघून, आणि सतरंजीपासून हातभर लांब. पाचला कलाकार. चहा कार्यक्रमाच्या आधी कलाकारांना, मग सात वाजता सगळ्यांना जागेवर, स्टीलच्या ग्लासात, पण किटली घेऊन फिरणारा माणूस आलापात ग्लास आपटणारा नको. फराळ आम्ही करत नाही, एका वर्षी केला तर सव्वासातला लोक रांगेत आणि स्टेजपुढं शुकशुकाट.

फटाके हा प्रश्न राहतोच. पोलिसांना सांगून उपयोग नाही, आजूबाजूच्या गल्लीतल्या पोरांना आदल्या दिवशी भेटा आणि त्यांच्यातल्याच चार जणांना बॅज देऊन “स्वयंसेवक” करा, बॉम्ब आपोआप आठनंतर फुटतात.

संपल्यावर सतरंज्या लगेच गुंडाळू नका. खालून ओल्या असतात, तशाच परत केल्या तर मंडपवाला पुढच्या वर्षी जुन्या देतो. अर्धा तास कट्ट्यावर उन्हात टाकायच्या, तोवर हिशोबाची वही उघडायची आणि साऊंडवाल्याचं बिल पहिलं भागवायचं. मागच्या वर्षी पैसे मोजून घेताना तो म्हणाला, बेसचे डबे गाडीत होते, आणलेवते, पण काढले नाहीत.